उपासाच्या दिवशीचं इंजेक्शन

माझ्या टेबलावरच्या पाटीवर नावाखाली 'मधुमेह शिक्षिका' असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ती मोठ्या हौसेनं करून घेतली होती, पण तिनं मला फार पिडलं. एक गृहस्थ आत डोकावून म्हणाले, "बाई, दहावीचं गणित घेता का?" नाही म्हटल्यावर म्हणतात, "मग विज्ञान तरी?" एका आजोबांचा समज असा झाला की शिक्षिकेलाच मधुमेह आहे. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी पिशवीभर कारली आणली. मी घेतली. कारली कोवळी होती आणि गैरसमज दूर करायला मला वेळ नव्हता.

निवृत्त झाले तरी माझं काम नेमकं काय होतं, हे मला अजून धडपणे सांगता येत नाही. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर मी पटकन हो म्हणून बसले. आता कागद पुढे घेतल्यावर लक्षात येतंय, की जो एक अनुभव लिहावासा वाटतो, तोच मला नीट उमगलेला नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला उमगला तर त्यांनी मला सांगावं. मी आधी वाद घालीन, पण ऐकून घेईन.

डॉक्टर निदान करायचे, औषध लिहायचे आणि पेशंटला माझ्याकडे धाडायचे. इंजेक्शन कसं घ्यायचं, कुठे टोचायचं, फ्रिज नसेल किंवा लाइट गेली (आमच्या रत्नागिरीत ती जातेच) तर इन्सुलिन गार कसं ठेवायचं, काय खायचं, किती खायचं, हे सगळं मी शिकवायचे. त्यासाठी एका औषध कंपनीनं प्लास्टिकच्या खाद्यपदार्थांचा संच दिला होता. त्यात पावाचा तुकडा, सफरचंद, उकडलेलं अंडं आणि कुणालाही ओळखू न येणारा एक हिरवा पाला होता. घावन नाही, आंबोळी नाही, पेजेची वाटी नाही. शेवटी मी गणपतीच्या शाळेत गेले, म्हणजे आमच्याकडे मूर्ती घडवतात तिथे, आणि मूर्तिकाराला म्हटलं, मला शाडूचं जेवण करून दे. त्यानं रंगासकट करून दिलं. भाकरी, घावन, वाटीभर भात, बांगड्याचं कालवण आणि एक उकडीचा मोदक. मोदक इतका हुबेहूब, की एका पोरानं त्याला चावा घेतला आणि दात हलला म्हणून त्याची आई माझ्याशी भांडली.

मधुमेह म्हटलं की लोकांना पोट सुटलेले, चहात साखर नको म्हणणारे काका आठवतात. पण एक मधुमेह लहान वयातच येतो. त्याचा गोड खाण्याशी किंवा आईच्या लाडांशी काही संबंध नसतो. शरीर इन्सुलिन बनवणंच सोडून देतं. इन्सुलिन नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही. साखर रक्तात साठते, लघवीवाटे निघून जाते आणि मूल पोटभर खाऊनही खंगत जातं. इंजेक्शन सुरू झालं की पुन्हा अंग धरतं. पोरगं माणसात आलं म्हणून आईबाप मला पेढे आणून द्यायचे. मधुमेहाच्या दवाखान्यात पेढे! मी खायचे.

पण तेच मूल चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असली, तर तिला पेढे वाटावेसे वाटत नाहीत. आजारानं ती बारीक झालेली असते, तेव्हा अख्खी वाडी तिला म्हणते, "काय छान दिसतेस गो!" औषधानं ती बरी होते, तेव्हा तीच वाडी म्हणते, "जरा सुटलीस वाटतं." यातून काही मुली नको तो अर्थ काढतात आणि इंजेक्शन गाळायला लागतात. घरच्यांना पत्ता नसतो. आतून डोळे, मूत्रपिंडं पोखरली जातात, आणि एखाद्या दिवशी रक्तातच विष साठून मुलगी आडवी होते. जीवही जातो. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटायची.

एकदा डॉक्टर पुण्याच्या परिषदेहून प्रश्नांचा एक कागद घेऊन आले. आमचे डॉक्टर सांगलीकडचे, हाडाचे सज्जन आणि नव्या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागणारे. म्हणाले, "बाई, आपल्याकडच्या सगळ्या वयात आलेल्या मुलींकडून हा भरून घ्यायचा. खाण्यावरून मनात काही बिघाड सुरू झालाय का, ते आधीच कळतंय. बेरीज जास्त आली की धोका समजायचा."

मी कागद वाचला. खाण्याचे विचार सारखे मनात येतात का? खाण्याआधी प्रत्येक घासाचा हिशेब करतेस का? जेवण टाळतेस का? माझं डोकं भडकलं. ते लवकर भडकतं.

"अहो डॉक्टर, घासाचा हिशेब करायला मीच तर शिकवते! दिवसभर खाण्याचा विचार कर, खाण्याआधी मोज, खाल्ल्यावर साखर तपास. इतकं सगळं मी शिकवायचं, आणि मुलीनं ते मनापासून केलं की तुम्ही त्याला आजार म्हणायचं?"

डॉक्टर म्हणाले, "परिषदेत मी पण हेच विचारलं. नीट उत्तर मिळालं नाही. पण भरून तर घ्या."

तिथपासून माझा जो गोंधळ सुरू झाला, तो निवृत्तीपर्यंत काही मिटला नाही.

पहिला दणका दिला गुहागरच्या मृण्मयीनं. वडिलांची नारळ-सुपारीची वाडी, घर खात्यापित्याचं, मुलगी नववीत, हुशार आणि शिस्तीची. तिनं जवळपास प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं. खाण्याचे विचार? सारखे. हिशेब? नेहमी. जेवण टाळतेस? हो. बेरीज आमच्या सगळ्या मुलींमध्ये वरचढ. डॉक्टर घाबरले आणि तिला समुपदेशक बाईंकडे पाठवायचं ठरलं. तिच्या वडिलांचा आवाज वाडीच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. तो त्यांनी माझ्या एवढ्याशा खोलीत लावला.

"अहो, माझी मुलगी सकाळी घावन खात्ये तेव्हा स्वयंपाकघरात घालणारीचा हात दुखतो! तिला खाण्याचा आजार? आणि तो कागद सांगतो?"

समुपदेशक बाई मुलीशी तासभर बोलल्या आणि मला येऊन म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही. ही फक्त खरं बोलते." जेवण टाळणं म्हणजे काय, असं विचारल्यावर मृण्मयीनं सांगितलं होतं, "संकष्टीचा उपास करते. म्हणजे दुपारी जेवत नाही. मग 'हो' लिहिणार नाहीतर काय?"

हा उपास माझ्या डोक्यात आधी यायला हवा होता की नाही, सांगा! त्या कागदात उपास नावाची गोष्टच नव्हती. आमच्याकडे मुलींना उपास लागतात ते न कळत्या वयापासून. संकष्टी, श्रावणी सोमवार, हरतालिका. आणि उपास म्हणजे उपाशी राहणं थोडंच! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचे काप. रोजच्या जेवणापेक्षा साखर जास्त वाढवणारा बेत. म्हणून माझं एक ठरलेलं भाषणच होतं. "उपास करायचा असला तर डॉक्टरांना विचारून करा, पण इंजेक्शन बंद करायचं नाही. देव इंजेक्शन मोजत नाही." हे शेवटचं वाक्य माझं आवडतं होतं. लोक हसायचे.

आता सायली. हातखंब्याच्या पलीकडच्या एका वाडीतली, शेतकरी घरातली. वडील मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येणारे. आई सुगंधा हायवेला लहानशी खानावळ चालवायची. भाकरी, उसळ, मच्छी. रस्ता रुंद होताना तिची खानावळ दोनदा मागे सरकवावी लागली, पण गिऱ्हाईक तुटलं नाही. दोन्ही खेपांना बाई स्वतः पत्रे उचलायला उभी होती. सायली सोळा वर्षांची, रत्नागिरीला अकरावीत. तिच्याकडून कागद भरून घेतला तर सगळीकडे 'कधीच नाही'. जेवण टाळतेस? कधीच नाही. इंजेक्शन चुकवतेस? कधीच नाही. बेरीज शून्याला टेकलेली.

"उपास करतेस की नाही?" मी मुद्दाम विचारलं. मृण्मयीनं शहाणं केलं होतं ना मला.

"करते की. पण उपासाला खातोच ना आपण, मॅडम. ते काय जेवण टाळणं नव्हे."

मला तिचंही पटलं. दोन्ही मुली तेच उपास करत होत्या. एकीनं 'हो' लिहिलं, एकीनं 'नाही'. दोघींचं बरोबर. मग कागद नेमकं काय मोजत होता?

पुढे सायली बारीक होत गेली. माझ्या डोळ्यांना ते दिसत होतं. रक्ताच्या तपासणीत साखरही वर होती, पण त्या वयात शरीर इतकं बदलत असतं, की आम्ही डोस वाढवत राहिलो. मी खोदून विचारलं की सायली गोड हसायची. तिची आई आनंदात होती. "पोरीला देवाचा नाद लागलाय, बाई. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, काय सोडत नाय. आमच्या घरान्यात असा कोनी नवता." मी म्हटलं, वहिनी, एवढे उपास नकोत. ती म्हणाली, "देवाचा करताना आडवू कशी?" सायली शेजारी मान खाली घालून बसलेली. मी तिला एकटीला भेटायचं म्हटलं तर आईच म्हणायची, "आमच्यात काय लपवाछपवी नाय."

गौरी-गणपतीत मुंबईची मंडळी वाडीत उतरली. गौरी नाचवताना सायली पुढे होती म्हणे, आणि तिच्या मुंबईच्या आतेनं सगळ्यांदेखत सांगितलं, की आमची सायली हिरोइन दिसते. हे मला नंतर कळलं.

गौरी-विसर्जनानंतर सोमवारी सकाळी दवाखाना उघडतोय, तोच रिक्षा येऊन थांबली. सुगंधानं मुलीला धरून उतरवलं. सायलीला धड उभं राहवत नव्हतं. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि भराभर, आणि श्वासाला उतरलेल्या फळासारखा वास. रक्तात विष साठल्याचा तो वास एकदा आला की पुस्तक उघडावं लागत नाही. डॉक्टर धावत आले. तिला तपासणीच्या टेबलावर घेतलं, सिस्टरनं रक्त काढलं.

"उलट्या होताहेत कालपास्नं," सुगंधा सांगत होती. "मला वाटला जागरनाचा हाय."

"शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज नाय. काल पन नाय. उपास हुते ना, काल एकादशी, आज सोमवार."

"उपास होते म्हणून इंजेक्शन नाही?"

सुगंधानं माझ्याकडे बोट केलं. रागानं नव्हे, अगदी सहज, खात्री असल्यासारखं. "बाईच बोल्ल्या ना तिला. उपासाला इंजेक्शन चालत नाय म्हनून. सायलीन सांगितलान मला. तवापासना उपासाला ती घेत नाय."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. माझं ते आवडतं वाक्य त्यांनी भिंतीपलीकडून शेकडो वेळा ऐकलं होतं, त्यामुळे मी असं काही बोललेली नाही हे त्यांना ठाऊक होतं. आणि टेबलावरून सायली माझ्याकडे बघत होती. तिला नीट बोलताही येत नव्हतं, पण शुद्ध होती. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते मी पुष्कळदा आठवून बघितलं. विनवणी म्हणावी तर तसं नव्हतं. पकडली गेल्याची भीती म्हणावी तर तेवढंच नव्हतं. ती नुसती बघत होती, आता ही बाई काय करते म्हणून.

मला राग आला होता. इतकी वर्षं घसा फोडून सांगितलं त्याच्या नेमकं उलटं माझ्या नावावर! मी तोंड उघडलं ते 'मी असं कधीच बोलले नाही' असं म्हणायला. बाहेर पडलं ते असं:

"हो. मी बोलले होते. चुकलं माझं."

सायलीनं डोळे मिटले. डॉक्टरांनी मला बाजूला केलं आणि कामाला लागले. सलाइन, इन्सुलिन, वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयात हलवाहलव. ते सगळं मार्गी लावून ते खाली आले आणि केबिनचं दार लावलं.

"ती मुद्दाम गाळतेय," मी त्यांच्या आधी बोलले. "उपास हे निमित्त आहे."

"ते कळलं मला. खोटं का बोललात?"

"मुलगी बघत होती."

"हे काय उत्तर झालं का, बाई?"

"नाही," मी म्हटलं.

डॉक्टर कधी नव्हे ते चिडले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. ते म्हणाले, की आता आईला वाटेल चूक बाईंची होती, ती सुधारली, संपलं. मुलगी घरी जाईल आणि दुसरी सबब शोधेल. तिला राखायचं तर आईला खरं कळलंच पाहिजे. मी एवढंच म्हणाले, की खरं मी तेव्हाच सांगितलं असतं, तर ती मुलगी पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलली नसती. मुलगी बोलण्याइतकी झाली की मी तिच्याशी बोलायचं, आणि आईला कळल्याशिवाय तिला घरी सोडायचं नाही, एवढं ठरलं.

पुढचे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात वाईट. सुगंधा जिन्याखालच्या बाकावर बसून असायची. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि मी जवळून गेले की आवाज कमी करत नसे. "हीच ती बाई. हिच्या सांगन्यावर माजी पोर मेली असती." एका जुन्या पेशंटनं मला टाळून सिस्टरकडून डोस समजून घेतला. मी हौसेनं शाडूचं जेवण करून घेणारी, कारल्याच्या पिशव्या मिळवणारी बाई, आणि मला माझ्याच दवाखान्यातून खाली मान घालून जावं लागत होतं. वाईट वाटलं. अन्याय वाटला. आणि हा अन्याय माझा मीच ओढवून घेतला होता, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती.

सायली उठून बसायला लागली, तेव्हा मी वर गेले. आई खाली चहा घ्यायला गेली होती.

"तसं का सांगितलंत?" तिनंच विचारलं.

"मला माहीत नाही. तू का सांगितलंस?"

ती चादरीचं टोक मुडपत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मला पहिल्यांदा शुगर झाली ना, सातवीत, तेव्हा मी खूप आजारी होते. शाळेत चक्कर यायची. तेव्हा सगळे म्हणायचे, किती छान दिसतेस. मग तुम्ही मला बरी केलीत, तेव्हा कुणीच काही म्हणालं नाही. आते म्हणाली, कंबर कुठं गेली गो तुझी." मग ती म्हणाली, "मला मरायचं नव्हतं. मला तसंच दिसायचं होतं, पण आजारी न पडता."

तेव्हा मला जे बोलायला हवं होतं ते सगळं मला पाठ होतं. डोळे, मूत्रपिंडं, पुढचं आयुष्य. ते सोडून मी तिच्या पायांवरून हात फिरवत बसले. मग म्हटलं, "आईला तू सांगायचंस. मी दाराबाहेर उभी राहीन. पण तिला अंधारात ठेवून तुला घरी जाता येणार नाही."

"आई रडेल."

"मारणार नाही ना?"

"मारलं तर चालेल," ती म्हणाली. "रडायला नको."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. मी दाराबाहेर होते. आतून रडण्याचा आवाज आला नाही आणि ओरडण्याचाही नाही.

सायली आता पदवीच्या वर्गात आहे. समुपदेशक बाईंकडे ती अजून जाते. साखर बरीच ताब्यात असते, मध्येच कधी बिघडते, मग फोन करते, कधी करत नाही. ती पूर्ण बरी झाली का, असं मला कोणी विचारलं तर मी काय सांगू? मृण्मयीच्या बाबतीतही माझी पूर्वीसारखी खात्री राहिलेली नाही. त्या कागदाला मी खूप नावं ठेवली, पण तो फेकून द्यावा असंही मला वाटत नाही. निदान खाण्याबद्दलचा हा प्रश्न विचारायचा असतो, एवढं तरी त्यानं आम्हाला शिकवलं. तो कसा विचारायचा, हे राहिलं. मी जे केलं ते बरोबर की चूक, यावर डॉक्टर आणि मी आजही भेटलो की वाद घालतो. मजा अशी, की हल्ली पुष्कळदा ते माझी बाजू घेतात आणि मी त्यांची.

तर त्या वेळी, सायलीला घरी सोडायच्या दिवशी दुपारी, सुगंधा माझ्या खोलीत आली. सायली मागोमाग येऊन भिंतीकडच्या स्टुलावर बसली. सुगंधाच्या हातात खानावळीतून मागवलेला डबा होता. तो तिनं माझ्या टेबलावर आपटला.

"तुमी खोटा बोल्लात माज्याशी."

"हो, वहिनी."

"पोर खोटा बोल्ली, ती पोर हाय. तुमी कशाला बोल्लात? मी आठ ठिकानी तुमची बदनामी केली. आता त्येंना काय सांगू? मला तवाच खरा कळला असता तर मी..." तिथे ती अडली. तिनं काय केलं असतं हे तिलाही सांगता येईना. खुर्चीत बसली आणि आवाज एकदम खाली आला. "मला संशय आलावता, बाई. इंजेक्शनच्या पेनातली शिशी संपायची तवा संपत नवती. पन पोरगी बारीक झालीवती, लोका चांगला बोलत हुती. उद्या लगीन करायचा तिचा. मी गप रायले."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आता ती सांगते, रोज घेईन म्हनून," सुगंधा म्हणाली. "तवा पन सांगायची. खरा काय नि खोटा काय, तिच्या मनात काय हाय, ता मला कळायचा कसा? तुमी शिकलेल्या. तुमी सांगा."

"मलाही कळत नाही, वहिनी," मी म्हटलं. आम्ही दोघी डब्याकडे बघत बसलो.

"मी इथंच बसलेय," सायली म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"मला विचारा ना."

पटकन काय विचारायचं ते दोघींनाही सुचेना. काय खाल्लंस, किती खाल्लंस, केव्हा खाल्लंस, इंजेक्शन घेतलंस का, हे सगळे प्रश्न मी तिला सातवीपासून विचारत आले होते. त्यातला एकही तोंडात येईना. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "भूक लागलीय का गं तुला?"

तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. लहान मुलाचा रडण्याआधी होतो तसा.

"हो," ती म्हणाली. आणि मग, "कधीची."

सुगंधा डबा उघडायला गेली, पण आपटल्यानं झाकण घट्ट बसलं होतं, निघेना. सायलीनं पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं, आमच्यासमोर इंजेक्शन घेतलं, आणि आईच्या हातून डबा घेऊन स्वतः उघडला.